चिखलातला डावा पाय

रतनबाईंना जाऊन महिना झाला आणि शालूने लोणावळ्याच्या बाजारामागचा आईचा नाचाचा वर्ग पुन्हा उघडला. तमाशाच्या फडात पंधरा वर्षं नाचून, पुढे नाटक मंडळीत नाच बसवून रतनबाई इथे मुली शिकवायला राहिल्या होत्या. त्यांनी बसवलेला शेवटचा नाच भाताच्या आवणीचा. सहा मुली वाकून, मागे मागे सरकत रोपं लावतात, एवढाच. आठवड्याने तो तळेगावात व्हायचा होता.

आईचं सांगणं शालूला विसरता येत नव्हतं. "माझा गुडघा पोरींना देऊ नकोस. काढून टाक तेवढं."

डावा गुडघा दोन वर्षांपासून दुखत होता. नाच दाखवताना तो पाय उचलायला रतनबाईंना किंचित उशीर व्हायचा, आणि मुलींनी पावलांबरोबर तो उशीरही घेतला. रतनबाईंना हे कळलं ते अंथरुणाला खिळल्यावर, उघड्या दारातून वर्ग बघताना. त्या लाजल्या. शालूने आईला लाजलेलं कधी पाहिलं नव्हतं.

पहिल्या दिवशी सहाही डावे पाय एकदम अडले आणि शालूला वाटलं, आईच सहा जागी उभी आहे. तिने तोंड फिरवून खुंटीवरचे चाळ उगाच नीट केले. मग मुलींना म्हणाली, डावा पाय वेळेवर उचला.

मुलींनी उचलला, तर ढोलकी मागे राहिली. निजामचाचा पंचवीस वर्षं रतनबाईंच्या मागे वाजवत आले होते. असं का होतंय, म्हणून शालूने विचारलं, तर त्यांनी ढोलकीवरून हात फिरवला.

"तिचा पाय पोचंस्तवर मी थांबायचो. आता हात आपसूक थांबतोय, पोरी."

तीन दिवस घोटून पाय आणि ढोलकी जुळली, पण नाचाची कवायत झाली. शालूला ते दिसत होतं. तरी आईला दिलेला शब्द होता.

चौथ्या दिवशी अंबू कुरकुरली. ती जवळच्या औंढे गावची, घरी भाताची खाचरं.

"ताई, पाय आसा फटदिशी कसा निघंल? चिखलात हाय ना आपण?"

कसला चिखल, शालूने विचारलं.

"आवणीचा. बाई चिखलातनं पाय उपसायच्या, तसंच केलं आमी."

बाकीच्यांनीही माना डोलावल्या. एकीलाही गुडघा दिसलाच नव्हता.

ज्या दुखऱ्या पायापायी आई लाजली होती, त्याचा इथे कुणाला पत्ताच नव्हता. शालूने विचारलं, "चिखलात डावाच पाय रुततो का गं?"

अंबूला हसू आलं. "दोनी रुतत्यात की. पर बाईंनी येकच शिकवला."

शालूने खुंटीवरून आईचे चाळ काढून पायांत बांधले. ती वाकली, मागे सरकली. डावा पाय जड उपसला, तसाच उजवा. पुन्हा डावा. मुली मागे उभ्या राहून बघत होत्या, मग एकेक करून तिच्या रांगेत आल्या.

"चाचा, आता दोन्ही पायांना थांबावं लागेल."

निजामचाचांनी ढोलकी मांडीवर ओढून घेतली. "थांबायची सवं हाय मला."

सगळ्या मागे मागे सरकू लागल्या. त्यांत लंगडणारं कुणीच नव्हतं.