गुठळ्या झालेला चीक

सिडकोतल्या त्या जोडघरांची गच्ची एकच होती, मध्ये नुसती कमरेएवढी भिंत. अलीकडे दीपमाला, पलीकडे तिची धाकटी जाऊ सत्यशीला. गेल्या आठवड्यात नळाला पाणी आलं तसे दोघींनी गहू भिजत घातले, म्हणून कुरडयांचा दिवसही एकच निघाला.

दीपमालाची कुरडई म्हणजे चांदीच्या नाण्यासारखी गोल. नात्यागोत्यात कुणाचंही रुखवत असो, कुरडया तिच्याच हातच्या लागत. गेल्या उन्हाळ्यात श्रेयानं, तिच्या दहा वर्षांच्या लेकीनं, हौसेनं एक घातली होती. वाकडी झाली. दीपमालानं ती गोळा केली, परत सोऱ्यात भरली आणि गोल घालून दाखवली. "बघ, अशी." यंदा मात्र पोरगी उठल्या उठल्या काकूकडं गेली.

तिकडं काय चाललंय ते दीपमालाला बघायचं नव्हतं, आणि दुसरं काही दिसतही नव्हतं. सत्यशीलाच्या चादरीवर कुरडया कशाही लोळत होत्या. श्रेया सोऱ्या दाबत होती, मधूनच वाटीतला चीक दूध-साखर घालून ओरपत होती.

"काकू, ही म्हैस झाली!"

"व्हय की! शेपूट बी हाय. लई भारी. आता तिला एक रेडकू घाल."

म्हैस म्हणे! जिच्या घरात एका डब्याला झाकण सापडत नाही, तिच्याकडं माझी लेक खरकटी पातेली खरवडते, आणि घरी स्वतःचा पेला उचलायला तोंड वाकडं. हसते तरी किती! एवढं काय हसण्यासारखं असतं कुरडईत?

दीपमाला मनात धुसफुसत राहिली आणि शेगडीवरच्या पातेल्यातला चाटू थांबला. चीक काही कुणाचा रुसवा सरायची वाट बघत नाही. करपल्याचा वास आला तेव्हा तिनं खाली पाहिलं. तळाला लागलेला, वर गुठळ्याच गुठळ्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

घाईघाईनं तिनं तो सोऱ्यात भरून दाबला. गुठळ्या जाळीत अडकल्या, चादरीवर नुसते तुकडे पडले. कुणी बघायच्या आत पातेलं झाकून खाली न्यावं, एवढंच तिला सुचलं. पण श्रेया भिंतीवरून वाकून बघत होती.

"आई, तुझ्यापण गुठळ्या होतात?"

आवाजातला आनंद पोरीनं लपवलाही नाही.

"होतात," दीपमाला म्हणाली. "ये, सोऱ्या धर. माझ्या एकटीच्यानं दाबला जात नाही."

श्रेयानं आधी काकूकडं पाहिलं. दीपमालाला सुई टोचावी तसं झालं. आईकडं यायला काकूची परवानगी!

"जा की," सत्यशीला म्हणाली. "आन् ताई, पातेलं उतरवा आधी, नायतर ते बी जाईल."

श्रेया भिंत ओलांडून आली. सगळा जीव लावून तिनं सोऱ्या दाबला. मधूनच तुटलेली, एका बाजूला कललेली कुरडई पडली. दीपमालाचा हात सवयीनं पुढं झाला. श्रेया त्या हाताकडं बघत राहिली.

हात तिथंच थांबला.

"ही म्हैस का गं?"

"नाही, कुरडईच आहे. वाकडी झालीय फक्त."

"राहू दे मग."

थांबलेल्या हाताला काहीतरी काम हवं, म्हणून दीपमालानं बाजूचा एक तुकडा उचलून तोंडात टाकला. "मीठपण कमी पडलंय."

श्रेया तिच्या कानाशी आली. "काकूच्यात खूप जास्त झालंय."

हे ऐकून दीपमालाला जे बरं वाटलं, ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं.