आडव्या टाकीची काठी

सत्तावीस वर्षं मी साबणाच्या कारखान्यात बॉयलरच्या तेलाची टाकी सांभाळली, खुणांची काठी बुडवून तेल मोजलं. निवृत्तीला पाच महिने उरले आणि साहेब म्हणाले, "मामा, तुमच्या काठीप्रमाणे भरल्या टाकीतून अडीच हजार लिटर गेलं. बॉयलरच्या नव्या मीटरवर एकोणीसशे पंचावन्न. बाकीचं कुठंय?"

म्हणजे मी चोर! थेंब सांडला तरी तळमळणारा मी! घरी येऊन ताटच सरकवलं.

सूनबाई कॉलेजात गणित शिकवते. तिच्या त्या इंटिग्रेशनची मी कायम टर उडवायचो, त्यानं कुणाची चूल पेटते का म्हणून. सगळं ऐकून तिनं विचारलं, "बाबा, टाकी ड्रमसारखी आडवी पडलेली आहे ना?"

"मग काय उभी असते होय?"

"आणि काठीवरच्या खुणा सारख्या अंतरावर?"

"मीच पट्टी लावून मारल्यात! जुनी मोडली गेल्या महिन्यात. तिच्यावर मला काम शिकवणाऱ्या उस्तादांनी वेड्यावाकड्या मारल्या होत्या, शिस्त म्हणून नाही."

तिनं गोल काढून आडव्या रेघा मारल्या. "हे तेलाचे पातळ थर. मधले रुंद, वरचे-खालचे चिंचोळे. सगळ्यांची बेरीज म्हणजे इंटिग्रेशन. दहा हजारांची टाकी पाव उंचीनं उतरली, तर एकोणीसशे पंचावन्नच जातात. चोरी झालेलीच नाही, बाबा. साहेबांना अर्ध्यापर्यंत थांबायला सांगा. वरचा-खालचा अर्धा भाग सारखाच, म्हणून तिथं काठी आणि मीटर जुळतील."

साहेब थांबले. "नाही जुळलं तर पोलीस," म्हणाले. कर नाही त्याला डर कशाला, हे बोलायला सोपं असतं हो. मला नऊ दिवस घास उतरला नाही.

दहाव्या दिवशी तेल अर्ध्यावर आलं. साहेबांनी स्वतः काठी बुडवली, पुसली, पुन्हा बुडवली. टाकी भरल्यापासून मीटरवर पाच हजार चार.

"मामा, चुकलो मी," ते म्हणाले. जीव भांड्यात पडला. तिथंच पायरीवर बसून मी रडलो, आणि लाजलो नाही.

मग अडगळीतून जुन्या काठीचे तुकडे काढून घरी आणले. सूनबाईनं हिशोबानं खुणांच्या जागा लिहून ठेवल्या होत्या. शेजारी लावून बघितलं. टोकांना खुणा लांब-लांब, मध्ये दाटीवाटीनं, आणि सगळ्या तिच्या आकड्यांवर. उस्तादांनी पिंप-पिंप मोजून ओतत त्या मारल्या असणार. मला चोर ठरवणारी काठी माझ्याच हातची होती.

नवी पट्टी तासून तिच्यापुढे ठेवली.

"खुणा तू मार, सूनबाई. मी धरतो."