कुंभाराच्या घरावर टिना

माझं लग्न टिनांनी, म्हणजे छपराच्या पत्र्यांनी, मोडत आणलं होतं. हसू नका, खरं सांगते. चोपन्न साल होतं. माझे बाबा, टिकाराम कुंभार, कवेलूंसाठी, म्हणजे कौलांसाठी, आमगावपासून सालेकशापर्यंत नावाजलेले. अर्ध्या मुलखाच्या डोक्यावर आपलीच माती आहे, अशा तोऱ्यात चालायचे. माझं जमलं होतं सालेकशाकडच्या भोजराजशी. तोही कुंभाराचाच पोरगा. बाजारात दोनदा पाहिला होता आणि मला पसंत होता. त्यात लाजायचं काय?

वैशाखात बाबा घर पाहायला निघाले. पोरीनं सोबत जायची रीत नव्हती, पण भोजराजच्या घराला लागूनच माझी नंदाआत्या राहायची. तिला भेटायचं निमित्त काढून मीही बैलबंडीत बसले आणि पोचल्याबरोबर तिच्या कुंपणाला डोळा लावून उभी राहिले.

पाहते तर काय, घरावर टिना. नव्याकोऱ्या, डोळे दिपतील अशा. बाबा अंगणातच थबकले.

"हे काय गा, इवाई? कुंभार असून टिना?"

भोजराजचे वडील जागेश्वर, बाबांचे होणारे व्याही, म्हणजे गरीब गाय. "काय करू, इवाई. जेवढे कवेलू भाजतो तेवढे इकल्या जाते, घरासाठी उरतच नाही. आन् उरले तं वांदरं ठेवत नाही. दरसाल वर चढून फुटके बदलून फेरा लागते. टिना एकदा ठोकल्या का झालं."

"आन् तपते किती? पाणी आला का बाजूच्या माणसाचं आयकू येत नाही. वावटळ आली का टिन कोणाच्या वावरात जाऊन पडन, पत्ता नाही."

तेवढ्यात आंब्यावर माकडांची टोळी आली. भर दुपार. पहिलं माकड ऐटीत टिनांवर उतरलं आणि पाय भाजल्याबरोबर जे नाचायला लागलं, विचारू नका. त्याच्यामागून दुसरं, तिसरं. धडाडधूम, धडाडधूम. भोजराजची आई भाकरी उलटायचा सराटा घेऊन बाहेर धावली, तिला वाटलं घरच कोसळलं. मी तोंडात पदर कोंबला. बाबा तर पोट धरून खालीच बसले. मला वाटलं, चला, जमलं.

बाबांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "पोरगी नाही देत."

"काऊन, मामाजी?" भोजराजचा चेहरा एवढासा झाला.

"वांदराले एवढं भाजते, तं माही पोरगी त्याच्याखाली सैपाक कशी करन?"

माझं डोकंच फिरलं. कुंपण ओलांडताना पदर काट्यात अडकून टरकन फाटला, तरी अंगणात पोचले.

"बाबा, टिनावर कवेलू टाका ना. गळन नाही, तपन नाही."

 बोलून गेल्यावर कळलं, डोक्यावर पदर नव्हता आणि समोर सासरा उभा होता.

"घसरन," बाबा म्हणाले.

"मधात बांबूच्या कामट्या बांधल्या तं?" जागेश्वर म्हणाले.

"पयले बल्ल्या पायल्या पाहिजे. एवढं वजन सोसन का?"

दोघं खांद्याला खांदा लावून छपराखालच्या लाकडी बल्ल्या पाहायला आत गेले. मला रागवायचं कोणाच्या ध्यानातच राहिलं नाही. भोजराज माझ्याकडे पाहून हसत होता. मीही बेशरमासारखी हसले.

जेठात लग्न झालं. तिसऱ्या दिवशी बाबा चार बंड्या कवेलू घेऊन हजर. "टिनावर कवेलू! म्हाताऱ्याले चढली वाटते," म्हणून गाव हसलं. बाबांनी कोणाला वर येऊ दिलं नाही. सकाळपासून एकटेच लावत होते. खाली मी चुलीपाशी, सासरचा पहिला सैपाक, दारात भोजराज. डोळ्यांत धूर, मानेवरून घामाच्या धारा. वर शेवटच्या ओळीचा कटकट आवाज झाला आणि थांबला.

"शामे, थंड वाटते का वो आता?"

एका दिवसात काय थंड होणार, कपाळ? ऊन नसतं तरी चूल होतीच.

"लय थंड, बाबा. उतरा आता, पाय भाजत असन तुमचे."

"कायले भाजते वो," ते वरून म्हणाले.

खोटं बोलायला मी कोणाकडून शिकले, ते भोजराजला त्या दिवशी कळलं.