पुन्हा मोज

जपानमधल्या तोयामाच्या त्या इस्पितळातले झाडून सगळे हृदयतज्ज्ञ कुझुओका सेन्सेईंच्या, म्हणजे गुरुजींच्या, छातीवर शिकले होते. दरवर्षी एप्रिलच्या दुसऱ्या शुक्रवारी सेन्सेई शर्ट काढून डाव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून पडत. नव्या शिकाऊ डॉक्टरने त्यांच्या पाठीमागे बसायचं, हात पुढे घालून सोनोग्राफीचा प्रोब फासळ्यांमध्ये टेकवायचा आणि धडधडणारं हृदय पडद्यावर आणायचं. पडदा सेन्सेईंच्या पाठीकडे असे. त्यांना तो दिसत नसे आणि त्याची गरजही पडत नसे. प्रोबच्या दाबावरून ते सांगत, एक फासळी वर ये, आता श्वास सोडतो, बघ. सगळ्यात शेवटी महाधमनी हृदयातून निघते तिथे तिची रुंदी मोजायची; चाळीस मिलिमीटरपर्यंत ठीक, पंचावन्नच्या पुढे ती फाटायचा धोका. मिलिमीटरचा आकडा मोठ्याने सांगायचा आणि मोजणाऱ्यानेच तो निळ्या वहीत लिहायचा. त्या वहीत एकोणीस वर्षांचे एप्रिल होते.

इस्पितळाची वार्षिक तपासणी मात्र सेन्सेई टाळत. कर्मचारी विभागातली बाई चिठ्ठ्या पाठवून थकली होती. पोरं दरवर्षी तपासतातच की मला, हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

पुढच्या मार्चमध्ये ते निवृत्त व्हायचे होते, म्हणून यंदाची ही खेप शेवटची. त्यांची मुलगी इत्सुको त्यासाठी कानाझावाहून रजा काढून आली होती. तीही हृदयतज्ज्ञ. सहा वर्षांपूर्वी याच खोलीत, याच छातीवर तिने हात बसवला होता.

सकाळी स्टेशनवर वडिलांचा आवाज ऐकून ती चपापली. घोगरा, मधूनच फाटणारा. दोघंही फोनवर बोलणाऱ्यांतली नव्हती, त्यामुळे तिला हे ठाऊक नव्हतं. नव्या वर्षापासून असंच आहे, ते म्हणाले, थंडीचं असेल. विभागात त्याची थट्टाही जुनी झाली होती. सेन्सेई निवृत्तीनंतर गायक होणार, चोरून रियाज चाललाय, असं वीस वर्षं त्यांच्या हाताखाली असलेले सहायक तोरिगोए चहा ओतताना म्हणाले, आणि सगळे हसले. इत्सुकोला हसू आलं नाही. आवाजाची नस महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेऊन घशाकडे चढते. कमान फुगली की नस ताणली जाते. हे तिला वडिलांनीच शिकवलं होतं, जेवणाच्या टेबलावर, एका नूडलला चॉपस्टिकभोवती वळसा घालून.

खिडकीबाहेर तातेयामाचे डोंगर अजून पांढरे होते. टेबलावर बांबूच्या पानांत दाबलेला मासे-भात सगळ्यांसाठी मांडून ठेवलेला होता.

माकिनो नावाची शिकाऊ डॉक्टर बसली. हात चांगला होता तिचा, हलका आणि स्थिर. महाधमनी पडद्यावर आली. माकिनोने दोन्ही कडांवर खुणा ठेवल्या. कोपऱ्यात आकडा उमटला, छप्पन्न.

ती थबकली. शेजारी वही उघडी होती आणि गेल्या एप्रिलसमोर एकोणचाळीस लिहिलेलं होतं. तिने तोरिगोएंकडे पाहिलं. ते पडद्याकडे न बघता हळूच म्हणाले, "तिरका छेद गेलाय. तिरकं कापलं की मोठं दिसतं."

चूक नव्हतं ते. नवशिक्यांच्या हातून असं होतंच. माकिनोने मान लववली, प्रोब किंचित झुकवला, खूण आत ओढली, आणखी थोडी आत.

"किती?" सेन्सेईंनी भिंतीकडूनच विचारलं.

"चाळीस, सेन्सेई."

"वा. वय वाढलं, नळी नाही वाढली."

तोरिगोएंचं ते वाक्य इत्सुकोने सहा वर्षांपूर्वी जसंच्या तसं ऐकलेलं होतं. तेव्हा तिने आधी चव्वेचाळीस सांगितले होते. तिनेही खूण आत ओढली होती.

"मी एकदा बघते," ती म्हणाली.

प्रोब टेकताच सेन्सेई म्हणाले, "हा हात आमच्या इत्सुचा."

तिने छेद सरळ घेतला. तीन वेगवेगळ्या ठोक्यांवर मोजलं. छप्पन्न, सत्तावन्न, छप्पन्न. मागे उभ्या असलेल्या सहाही जणांना पडदा दिसत होता. कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

"किती?"

सगळ्यांसमोर नको, नंतर घरी सांगू, असं क्षणभर तिच्या मनात आलं. मग तो घोगरा आवाज पुन्हा आला, "अगं, किती?"

"छप्पन्न, बाबा."

सेन्सेई हसले, हसता हसता खोकले. "कानाझावाला जाऊन हात बिघडला तुझा. पुन्हा मोज."

तिने मोजलं. "छप्पन्न."

"तोरिगोए, तू बघ रे."

तोरिगोए बसले. त्यांचा हात जराही थरथरत नव्हता. पडद्यावर तीच रुंद, ताणलेली नळी, प्रत्येक ठोक्यासरशी फुगणारी. त्यांनी बराच वेळ त्या नळीकडे पाहिलं. मग खूण आत ओढली.

"चाळीस, सेन्सेई."

सेन्सेईंनी कुशीवरूनच मान मागे वळवली.

"पडदा इकडे फिरवा," सेन्सेई म्हणाले.

एकोणीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. इत्सुकोनेच यंत्राची गाडी ओढून भिंतीच्या बाजूला नेली आणि वडिलांना चष्मा दिला. मग पाठीमागे बसून तिने पुन्हा प्रोब टेकवला. या वेळी खुणा ठेवायची गरज पडली नाही.

सेन्सेई पाहत राहिले. अनोळखी रुग्णाचं काही पाहावं तसे, कपाळाला आठी घालून.

"सगळे जवळ या," शेवटी ते म्हणाले. "पाठ झालेला आकडा डोक्यातून काढा आणि बघा. हे असं दिसतं. माकिनो, पहिल्यांदा तुला किती आले होते?"

माकिनो हळूच म्हणाली, "छप्पन्न."

"बरोबर होतं तुझं. तोरिगोए, शल्यविभागाला फोन कर. स्कॅन आत्ताच करायला सांग. पाठीतही दुखतंय म्हणावं, परवापासून."

महाधमनी आतून फाटू लागली की पाठ दुखते, आणि पाठीचं त्यांनी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. तोरिगोए दोन्ही हातांनी फोन धरून उभे राहिले. नंबर लावताना ते दोनदा चुकले.

सेन्सेई उठून बसले. इत्सुकोपुढे वही सरकवून म्हणाले, मोजलंस तू, लिही. माकिनोने लिहायचा तो रकाना अजून कोराच होता. इत्सुकोने छप्पन्न लिहिलं. वर ओळीने एकोणचाळीस, चाळीस, एकोणचाळीस, एकोणचाळीस. वेगवेगळी अक्षरं, वेगवेगळ्या शाया. सेन्सेईंचं बोट त्या रकान्यातून वर वर गेलं आणि सहाव्या आकड्यापाशी थांबलं. ते अक्षर त्यांना ओळखू येणारच होतं.

"तुला त्या वर्षी खरे किती आले होते?"

"चव्वेचाळीस."

"मग मी काय म्हणालो?"

बाहेरच्या मार्गिकेत चाकांच्या खुर्चीचा आवाज जवळ येत होता.

"पुन्हा मोज, म्हणालात."

त्यांनी मान डोलावली. वही मिटली आणि तिच्या मांडीवर ठेवली. खुर्चीत बसायला आढेवेढे घेतले नाहीत, तेव्हा तोरिगोएंना रडू फुटलं आणि ते खिडकीकडे वळले. जाता जाता सेन्सेई म्हणाले, भात खाऊन घ्या, वाळून जाईल.

दाराशी त्यांना खोकला आला. तो थांबेपर्यंत खोलीतलं कुणीही हललं नाही.