राक्षसाची आखणी

राक्षसाचं पोट उघडलं तसा जगनचा जीव आधी कळवळला आणि मग डोकं फिरलं. आतला फोम कुजून त्याचा पिवळा भुगा झाला होता. वरची रबराची कातडी तडकली होती आणि डोळ्यांच्या जागी उंदरांनी दोन भोकं ठेवली होती. सिनेमा संपला तसा ह्याला गोदामात ताडपत्रीखाली फेकून दिला, वर्षानुवर्षं कोणी ढुंकून पाहिलं नाही, आणि आता म्हणे मॉलमध्ये उभा करायचाय.

गिरणी संपाच्या वर्षात जगन आणि रघूनं मिळून हा राक्षस केला होता. दोघं एकाच मिलचे. मिल बंद पडल्यावर लालबागच्या गणपतीच्या कारखान्यात माती मळू लागले, आणि तिथंच एका सिनेमावाल्यानं हे काम दिलं. धड जगननं कापलं, डोळे रघूनं रंगवले. रघू रोज मिलच्या गेटवर उभा राहून यायचा, समोर आरसा ठेवायचा आणि स्वतःचेच डोळे त्या रबरावर उतरवायचा. ते असे उतरले, की राक्षसाच्या आत हात घालून जबडा हलवणारा माणूसही त्याचं तोंड दुसरीकडे फिरवून ठेवायला सांगायचा.

पुढं मिल पुन्हा सुरू झाली, पण रघूला परत घेतलं नाही. तो गेटवर जातच राहिला, खंगत खंगत एक दिवस संपला. जगन मात्र कारखान्यात टिकला आणि डोळ्यांची आखणी करू लागला. मूर्तीचे डोळे रंगवायला लालबागेत त्याच्यासारखा हात नाही असं लोक म्हणत.

मॉल उभा राहिला तो त्याच मिलच्या जागेवर. तिथला साहेब, वयानं जगनच्या मुलासारखा, काम देतानाच म्हणाला होता की काका, जरा क्यूट करा, मुलं फोटो काढतील. जगनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. होता तसाच होईल, नाहीतर दुसरा माणूस बघा, असं त्यानं तोंडावर सांगितलं. दुसरा माणूस नव्हता, म्हणून काम जगनकडंच राहिलं.

जगननं सगळा भुगा खरवडून काढला. कातडीला आतून मांजरपाटाचे तुकडे चिकटवले, नवा फोम कापून भरला, रबराच्या दुधानं तडे बुजवले. मग रघूच्या बायकोला, शेवंताला, निरोप धाडला: वहिनी, डोळे रंगवायच्या दिवशी या, रघूचं काम बघायला मिळेल.

आणि नेमका तिथंच हात फसला. डोळे झाले आणि राक्षस भक्ताला आशीर्वाद द्यावा तसा बघू लागला. जगननं पुसले, पुन्हा काढले. पुन्हा तेच, अर्धवट मिटलेले, मायाळू. इतकी वर्षं देवाचेच डोळे काढले होते, हाताला दुसरं काही येईना. शेवटी त्यानं रघूसारखा आरसा समोर धरला. आरशात गिऱ्हाइकाला "होऊन जाईल, शेठ" म्हणणारा एक म्हातारा दिसला. त्यानं आरसा उपडा टाकला. राग छातीत मावत नव्हता आणि बोटांत उतरत नव्हता.

तेवढ्यात साहेब टेम्पो घेऊनच आला. दुसऱ्या दिवशी उद्घाटन होतं. डोळे बघून तो खूश झाला. शेवटी माझं ऐकलंत, किती स्वीट दिसतोय, म्हणाला. जगननं त्याच्यादेखत थिनरचा बोळा फिरवून ते डोळे पुसून टाकले.

शेवंता आली ती त्याच वेळी. रघूच्या मागे तिनं खानावळ चालवून घर उभं केलं होतं. आंधळ्या राक्षसाकडं तिनं बराच वेळ पाहिलं आणि हा कुठं उभा राहणार म्हणून साहेबाला विचारलं. साहेबानं हौसेनं सांगितलं: आत गेल्या गेल्या समोर, जिथं पूर्वी कापड विणायचे साचे होते त्या जागेवर, वर काचेचं छत. मग त्यानं मोबाइल वर धरला. "मावशी, ह्याच्या बाजूला उभ्या राहा ना. एक स्माइल द्या."

शेवंतानं त्याच्याकडं पाहिलं. "माझा माणूस गेटवर उभा राहून राहून मेला. त्याला कुणी आत घेतलं नाही. आता ह्याला आत नेताय. आणि मी हसू?"

आपण तेव्हा जन्मलोही नव्हतो, असं काहीतरी पुटपुटत साहेब दाराकडं वळला. शेवंताची नजर त्याच्यावरून हलली नाही. जगननं ती नजर पाहिली आणि त्याच्या अंगावर काटा आला. त्यानं ब्रश उचलला.

"वहिनी, हलू नका. अशाच बघत राहा." मग तो साहेबाला म्हणाला, "तुम्हीपण जागचं हलायचं नाही. त्या तुमच्याकडं बघतायत."

साहेबानं टेम्पोकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं, मोबाइल खिशात घातला. राक्षस घेतल्याशिवाय त्याला जाता येत नव्हतं. जगनचा हात आता झरझर चालत होता, एकदाही पुसायची वेळ आली नाही. शेवंता पापणी न लववता उभी होती. साहेबाच्या कपाळावर घाम आला. त्यानं चोरून राक्षसाकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

"काका, झालं ना? बसू का जरा?"

"उभं राहा," जगन म्हणाला. "एकच डोळा झालाय."