चार टेबलं आणि एक बत्ता

सोलापुरात कॉम्प्युटर यायचा होता. म्हणजे यंत्र येणार नव्हतं, त्याचा अभ्यासक्रम येणार होता. आधी पोरं शिकवून ठेवावीत. यंत्र आलं तर आलं, नाही आलं तर पोरं कुठं पळून जातात, असा संस्थेचे अध्यक्ष चनबसप्पा यांचा व्यापारी हिशोब होता. अप्पांनी मुंबईत एकदा काचेआडून कॉम्प्युटर पाहिला होता. त्याच्यापेक्षा त्याच्या खोलीतला गारवाच त्यांना जास्त आवडला होता, पण तसं बोलून दाखवण्याइतके ते भोळे नव्हते.

अभ्यासक्रमाला मान्यता द्यायला मुंबईहून कमिटी यायची होती. तिला दाखवायचं काय? संस्थेच्या तंत्रनिकेतनात विजेची मोटार होती, लेथ होता आणि विभागप्रमुख रामहरी सर होते. सरांनी मग ड्रॉइंग हॉलमध्ये चार टेबलं मांडली, त्यांवर चार माणसं बसवली आणि जाहीर केलं की हाच कॉम्प्युटरचा मेंदू. पहिल्या टेबलानं हुकमाची चिठ्ठी आणायची, दुसऱ्यानं ती वाचून काय करायचं ते ठरवायचं, तिसऱ्यानं बेरीज-वजाबाकी करायची, चौथ्यानं उत्तर कपाटाच्या खणात ठेवायचं. पंगतीत मीठवाला पुढं सरकला की चटणीवाला येतो, त्याच्या मागं भाकरीवाला. मीठवाल्याची पंगत संपेपर्यंत कुणी ताटकळत नाही. तसंच हे. एक चिठ्ठी तिसऱ्या टेबलावर असताना दुसरी दुसऱ्यावर आणि तिच्या मागची पहिल्यावर. कल्पना सोळा आणे होती. फक्त ती सोलापुरात राबवायची होती.

राबवायचं काम पडलं दाक्षायणीच्या गळ्यात. ती पदार्थविज्ञान शिकवायची, पुण्याला उन्हाळी प्रशिक्षणात खरा कॉम्प्युटर हाताळून आलेली ती संस्थेतली एकटी, आणि अर्थातच संस्थेतली सगळ्यात कच्ची नोकरी तिची. दर एप्रिलात तिला नारळ मिळायचा, आणि अप्पांची मर्जी असली तर जूनमध्ये ती पुन्हा हजर व्हायची. बाळीवेशीतल्या दोन खोल्यांत ती आणि तिची आई गुरम्मा, दोघी तिच्या पगारावर होत्या. दोन महिने चूल कशी पेटते हे गुरम्मालाच ठाऊक. अप्पांनी या वेळी शब्द दिला होता. "कमिटीनं व्हय म्हटलं की तुमची जागा पक्की, बाई." दाक्षायणीनं तो शब्द देवघरात ठेवावा तसा मनात ठेवला होता.

पहिल्याच दिवशी तिनं रामहरी सरांचा मेंदू चालताना पाहिला आणि कपाळाला हात लावला. चिठ्ठी आणायला बसल्या होत्या टायपिस्ट विजयमालाबाई. त्या रामहरी सरांच्या मेहुणी; सरांनी मान डोलावल्याशिवाय चिठ्ठी उचलत नसत. तिसऱ्या टेबलावरचे मडिवाळप्पा दुसऱ्या टेबलावरच्या कारकुनाच्या ड्रॉवरमध्ये सरळ हात घालून पुढची चिठ्ठी आधीच वाचून ठेवत. "वेळ वाचतोय की," ते म्हणत. चौथ्या टेबलावरचा धोंडीराम उत्तर ठेवण्यापूर्वी उठून पहिल्या टेबलाकडे जाऊन विचारी, "बाई, हे तुमचंच न्हवं?" कपाटाची किल्ली सरांच्या कमरेला. सर वर्गात गेले की मेंदूची स्मरणशक्ती त्यांच्याबरोबर वर्गात जाई. आणि चहा आला की काय विचारता! एकट्यानं चहा पिणं हे आपल्याकडे पाप, म्हणून एका टेबलावर कप टेकला की चारही टेबलं थांबत. परत सुरू करताना कुठली चिठ्ठी कुणाकडे होती यावर वाद होई, आणि सात अधिक पाच हे कधी बारा येई, तर कधी ज्याचा आवाज मोठा त्याचं येई.

"जमतंय की हळूहळू," सर म्हणाले. "आपली माणसं एकमेकांना धरून हायत, हेच आपलं बळ."

तेच तर दुखणं होतं. दाक्षायणीनं सगळं मोडून पुन्हा बांधायला घेतलं. माणसं तीच, टेबलं तीच, कामंही तीच. मोडायचे होते ते मधले धागे. प्रत्येक टेबलाच्या डाव्या हाताला एक ट्रे, उजव्या हाताला एक. डावीकडून घ्यायचं, आपलं काम करायचं, उजवीकडं ठेवायचं. दुसऱ्याच्या ड्रॉवरला कुलूप. प्रत्येकासमोर पुठ्ठ्यावर त्याचे नियम मोठ्या अक्षरात. कपाटाची किल्ली चौथ्या टेबलाला. बाकीच्यांना खणातलं काही हवं असेल तर तेही चिठ्ठीनंच. चहासुद्धा आपापल्या ट्रेजवळ, आपापला. आणि चारही पुठ्ठ्यांच्या तळाला एकच ओळ: घंटा झाल्याशिवाय जागचं हलायचं नाही, मान वळवायची नाही, कुणाला काही विचारायचं नाही.

गावात नुसता हलकल्लोळ. विजयमालाबाई रडल्या. मडिवाळप्पांनी "आम्ही काय चोर हाय का?" म्हणून दोन दिवस रजा टाकली. रामहरी सरांची कंबर किल्लीवाचून इतकी हलकी झाली की ते वाकडे चालू लागले. आणीबाणी उठली म्हणून पेढे वाटले होते, ती ड्रॉइंग हॉलमध्ये दडून बसली होती, असं स्टाफरूममध्ये बोललं गेलं. दाक्षायणीनं सगळं ऐकून घेतलं. जागा पक्की व्हायची तर बोलणी खावी लागतात, एवढं तिला कळत होतं.

राहता राहिली घंटा. घंटेच्या टोल्याला सगळ्या चिठ्ठ्या एकदम पुढं सरकायच्या, त्यामुळे घंटा हवीच. व्हरांड्यात रुळाचा तुकडा टांगलेला होता, तो तिनं हॉलमध्ये आणला. हातोडा कधीच हरवला होता, म्हणून तिनं घरच्या खलबत्त्यातला लोखंडी बत्ता आणला. वाजवणार कोण? त्याला अक्कल लागत नव्हती, हजेरी लागत होती. तशी एकच वल्ली संस्थेत होती: शरणप्पा, अप्पांचे जावई. त्यांना कुठलंच काम जमत नसल्यानं कुठल्याही विभागात ते सारखेच उपयोगी पडत. तेही हंगामीच होते, पण जावयाच्या हंगामाला एप्रिल नसतो. दाक्षायणीनं त्यांच्या हातात बत्ता दिला आणि समोर घड्याळ ठेवलं. शरणप्पा इतक्या मनोभावे ठोकू लागले की दोन दिवसांत त्यांना भूक लागायला लागली.

घरी गुरम्मा मात्र पेटली होती. "काय करलालीस गं? बत्त्याबिगर शेंगाची चटणी कशी करू? पाट्यावर वाटली तर तिचा लगदा व्हतोय. चटणी कुटायची असती, यव्वा."

"कमिटी होऊ दे आई. मग आणते."

कमिटी आली आणि मेंदू चालला. असा चालला की रामहरी सरांनाच संशय आला. ठण्ण झालं की चारही हात एकदम हलत. चिठ्ठ्या सरकत, उत्तरं खणात पडत, सात अधिक पाच दर वेळी बाराच. चहा आला, प्यायला गेला, कुणी ढुंकून पाहिलं नाही. कमिटीतले एक म्हातारे सदस्य खट होते. त्यांनी विजयमालाबाईंना उठवून त्यांच्या जागी अप्पांचा ड्रायव्हर बसवला. त्यानं पुठ्ठा वाचला आणि काम सुरू केलं. उत्तर बाराच.

"म्हणजे यातलं कुणीही बदललं तरी अडत नाही?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"नाही," दाक्षायणी म्हणाली. तिचा ऊर भरून आला होता. इतक्या दिवसांत तिला कुणी धड प्रश्न विचारला नव्हता.

"आणि तुम्ही? तुम्ही कुठं बसता?"

"मी कुठंच नाही, सर. मी नसले तरी चालतं. तेच तर साधायचं होतं."

"वा! मग कुणावाचून काहीच अडत नाही?"

ती खरी शिक्षिका होती, म्हणून तिला खोटं बोलता येईना. "घंटेवाचून अडतं. ती थांबली की सगळं थांबतं. तेवढा एकच आधार ठेवावा लागतो."

अप्पा मागं उभे होते. सबंध पाहणीत त्यांना कळलेली ही दोनच वाक्यं, पण ती त्यांना पुरेपूर कळली.

मान्यता आली. अप्पांनी दाक्षायणीला बोलावून हातावर पेढा ठेवला. "लई नाव काढलं बघा बाई. तुमचं उपकार संस्था विसरायची न्हाय."

"अप्पा, माझ्या जागेचं—"

"तेच सांगतो की. पक्की जागा एकच आलीय. मी लई इच्यार केला. कमिटीसमोर तुमीच म्हणलात, मी नसले तरी चालतंय. आता बाई, जे न्हाय तरी चालतंय त्याला पक्कं कशाला करायचं? आणि घंटा न्हाय तर बंद पडतंय, हेबी तुमीच म्हणलात. म्हणून शरणप्पांना पक्कं केलं. माझा जावई म्हणून न्हवं हां. शास्त्राप्रमाणं."

 दाक्षायणीला संताप इतका आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं, आणि ते अप्पांना दिसलं म्हणून आणखी संताप आला. रामहरी सर कपाटाची किल्ली कायम कमरेला बांधून का फिरायचे, हे तिला आज समजलं. ते अडाणी नव्हते. अडाणी ती होती.

एप्रिलचा नारळ ठरलेलाच होता; ती आपलं सामान घ्यायला हॉलमध्ये गेली. अप्पांच्या दुधनीच्या व्याह्यांना दाखवायचा म्हणून मेंदू सुरूच होता; हल्ली कुणी पाहुणा आला की त्याला आधी मेंदू, मग जेवण. विजयमालाबाई, मडिवाळप्पा, धोंडीराम, सगळे बसले होते. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. मान वळवायची नाही, हे तिनंच तर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं.  एकानं जरी नियम मोडून "बाई, चाललात?" विचारलं असतं, तरी ती मुकाट गेली असती.

तिनं आपला डबा घेतला, छत्री घेतली. मग ती शरणप्पांपुढं जाऊन उभी राहिली.

"जावईबापू, बत्ता द्या."

"आँ? मग वाजवू कशानं?"

"ते शास्त्रातलं आहे. अप्पांना विचारा. बत्ता आईचा आहे."

शरणप्पांनी बत्ता दिला. पक्क्या नोकरीत वाद घालायचा नसतो, इतपत ते शिकले होते.  चार माणसं माना खाली घालून, हात ट्रेजवळ ठेवून, पुढच्या टोल्याची वाट पाहत बसली. व्याही वाट पाहत उभे राहिले. दाक्षायणी फाटकाबाहेर पडली तरी मागून आवाज नव्हता.

दुपार कलताना शिपाई येडू बाळीवेशीत दाराशी आला. घामानं निथळत होता. "बाई, बत्ता द्या की. सगळी तशीच बसल्यात. कुणी उठंना, कुणी कुणाला इच्यारंना. व्याही जेवायचं थांबल्यात. शरणप्पा साहेबांनी चपलेनं वाजवून बघितलं, तर कुणाला ऐकूच ग्येलं न्हाय."

आत गुरम्मा खलबत्त्यापुढं फतकल मारून बसली होती. भाजलेल्या शेंगा, लसूण, लाल तिखट, आणि त्यांवर लयीत पडणारा बत्ता. वास गल्लीभर गेला होता. तिनं हात न थांबवता येडूकडे पाहिलं.

"चटणी घिऊन जा म्हणावं व्याह्यांना," ती म्हणाली. "बत्ता हितं कामात हाय."