तोंतेरीआ आणि माझी तुटकी फीत

मित्रांनो, मी शिंप्याच्या दुकानातला म्हातारा टेपरेकॉर्डर. वय विचारू नका, झाकण खिळखिळं झालंय एवढं पुरे! कारखान्यातून आलो तेव्हा माझी बटणं कशी चकचकीत होती. मास्तरांनी मला कापडांच्या फळीवर बसवलं आणि वर्षानुवर्षं मी गाणी ऐकवली. गिऱ्हाईकं म्हणायची, "मास्तर, तुमच्या टेपचा आवाज काय खणखणीत आहे हो!" मी फुशारून जायचो. पुढे मोबाइल आले आणि मी चिंध्यांच्या गाठोड्याखाली गेलो. फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

एक दिवस मास्तरांनीच मला बाहेर काढलं. त्यांचा मुलगा परदेशात, सून स्पॅनिश बोलणारी, आणि त्यांची छोटी नात पहिल्यांदाच येणार होती. तिला फक्त स्पॅनिश येई. "पोर आली आणि मी नुसता बघत बसलो, तर कसला आजोबा मी?" मास्तर आपल्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना म्हणाले. कुठूनशी त्यांनी स्पॅनिश धड्यांची कॅसेट मिळवली.

मग काय विचारता! तोंडात टाचण्या धरून मास्तर उच्चार घोकायचे. बाकीचे शब्द डोक्यावरून गेले, एकच डोक्यात बसला: तोंतेरीआ. म्हणजे मूर्खपणा, फालतू गोष्ट. जोर 'री'वर. 'के तोंतेरीआ!' म्हणजे 'काय हा वेडेपणा!' कुणी म्हणालं, "पोट सुटलंय, पण पँट जुन्याच मापाची शिवा," की मास्तर खूश. "के तोंतेरीआ!"

पण एकदा गडबड झाली. नातीसाठी शिवलेला झगा इस्त्रीने जळला आणि काकू रडू लागल्या. मास्तर हसत म्हणाले, "के तोंतेरीआ!" काकूंनाही तो शब्द एव्हाना पाठ झाला होता. "माझं रडणं तुम्हाला मूर्खपणा वाटतो?" म्हणून त्या तरातरा आत गेल्या. मास्तरांचा चेहरा एवढासा झाला. त्यांनी तो धडा पुन्हा लावला. कॅसेटमधली बाई समजावत होती, की दुसऱ्याच्या दुःखाला हा शब्द लावू नका, मनाला लागतं. नुकसान आपलं असेल, तर मात्र खुशाल म्हणा, 'एस ऊना तोंतेरीआ', म्हणजे 'त्यात काय एवढं!' मास्तर आत जाऊन काकूंची समजूत काढून आले.

नात आली. दाराआडून टुकुटुकु बघायची, पण जवळ काही येईना. मास्तर बिचारे हिरमुसले. एका दुपारी दुकानात कुणी नाही असं बघून तिने माझं झाकण उघडलं आणि फीत ओढली. फीत चाकांत गुरफटली, तरी ती ओढतच राहिली. कट्! फीत तुटली आणि माझं चाकही मोडलं. तेवढ्यात दारात मास्तर उभे. पोर भेदरली, डोळे काठोकाठ भरले.

मास्तर गुडघे टेकून खाली बसले. तिच्या रडण्याकडे नाही, माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "एस ऊना तोंतेरीआ." 'री'वर बरोब्बर जोर! पोरीने नाक ओढलं. "तोंतेरीआ?"

"तोंतेरीआ!" मास्तरांनी फितीचा गुंता स्वतःच्या टकलावर ठेवला. ती खुदकन हसली आणि धावत येऊन त्यांच्या गळ्यात पडली.

आता मी मुका झालोय. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, अधूनमधून धूळ पुसा, हे तर मी सांगणारच. पण एखादं पोर वस्तू मोडून रडत उभं असेल, तर आधी त्याचे डोळे पुसा. वर्षानुवर्षं माझं कौतुक झालं, पण मास्तरांनी मला फालतू म्हटलं, तेव्हाइतका आनंद मला कधीच झाला नाही.